घागरीवरचं नाव

बाई, मी तुझ्या पोटची नाही, हे मला मागच्या मंगळवारी कळलं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी! तुला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे आता तुझ्याशी भांडायचीही सोय राहिली नाही. आणि भांडले असते तरी तू आपली म्हणाली असतीस, "झालं का तुहं? मंग ताट घे." म्हणून हे लिहून काढते आहे. राग आहे का, तर आहे थोडा. पण त्याहून जास्त मला विचारायचंय. तुला माहीतच आहे, माझ्या पोटात प्रश्न राहिला की जेवण राहत नाही.

शोधायला निघाले होते ते भलतंच. भाच्याला त्याच्या पोरीसाठी जातीचा दाखला काढायचा होता आणि त्याला वंशावळ जोडावी लागते. तहसीलला चार चकरा मारून त्यानं कागद तयार केला आणि मला दाखवायला आणला. पाच पिढ्या, आणि त्यात बाई एक नाही. "हे सगळे काय आभाळातून पडले का रे?" मी म्हटलं. तर म्हणतो, "त्याच्यात बायकायची नावं लागत न्हाईत." झालं! दुसऱ्या दिवशी मी दुकानातून मोठा ड्रॉइंगचा कागद आणला आणि बायकांसकट वंशावळ काढायला बसले. तीस वर्षं मी जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत रजिस्टर लिहिलं. कपाशीच्या कुठल्या वाणाची मादी कोणती आणि नर कोणता, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत होते. तू शेजारणींना कौतुकानं सांगायचीस, "माह्या पोरीला सरकीचे मायबाप बी ठाव हायत." आता वाटतं, ते म्हणताना तू माझ्याकडं बघत नसायचीस. की हे मी आत्ता रचून राह्यले, कुणास ठाऊक.

बायकांची नावं शोधायची कुठं? सातबाऱ्यावर त्या नाहीत, माझ्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात आईच्या नावाचा रकानाच नाही. मग मला भांडी आठवली. आपल्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. धाकट्या भावाच्या घरी माळ्यावर चढले (भावजय खाली शिडी धरून "उतरा हो वन्सं, पडताल" करत होती) आणि एकेक भांडं खाली काढलं. परातीवर आजीचं नाव सापडलं, पितळी डब्यावर चुलतीचं, एका तांब्यावर तर पणजीचं. मला नुसता हर्ष झाला. सगळ्यात मागं तांब्याची एक घागर होती, काळीठिक्कर. चिंच लावून घासली तेव्हा अक्षरं वर आली. पुढं आपल्या अण्णांचं नाव, आडनाव, "हिस माहेरची भेट", आणि गाव तुझ्या माहेरचं. पण पहिलं नाव तुझं नव्हतं. लग्नात नाव बदलतात, म्हणून ते तुझं माहेरचं असेल असं आधी वाटलं. पण माहेरच्या नावापुढं नवऱ्याचं, अण्णांचं नाव कशाला येईल? धाकटा म्हणाला, "दुकानदारानं चुकवलं असंल, सोड." मी सोडते होय!

मंगळवारी भोकरदनची एसटी धरली आणि आत्याबाईंकडं गेले. नव्वदी उलटली, पण कान शाबूत आहेत. ओसरीत बाजेवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी ते नाव घेतलं, तशी पाकळी हातातच राहिली. "हे नाव तुला कोन सांगतलं?" "घागरीनं." त्यांनी मला बाजेवर शेजारी बसवून घेतलं. "ती तुही माय, पोरी. तुह्या बाईची थोरली बहीन. तू सव्वा महिन्याची बी झाली न्हवती, अन् ती तापानं गेली. तुहा बाप खुळ्यावानी बसून राह्यचा. मंग तुह्या आज्यानं धाकलीला दिली, पोर परक्याच्या हाती जाऊ नये म्हनून." मी विचारलं, "बाईला विचारलं होतं का?" "तिला कोन इचारतंय? पंध्रा वर्साची व्हती. पन लग्नात तू तिच्याच मांडीवर व्हती, बरं का. अक्षदा तुह्या टकुऱ्यावर बी पडल्या. अन् घरात आल्या आल्या तिनं सगळ्यायला आन घातली, सावत्र हा शबुद ह्या घरात निघाला तर मी पोर घेऊन चालली जाईन. पोर घेऊन म्हनली!" मग लसूण बाजूला सारून त्यांनी मलाच विचारलं, "आगं, तिच्या गळ्यातला टाक काय वाटला तुला? बिजवराला दिलेली बाई पहिलीचा टाक घालती, हे बी ठाव न्हाई?"

नव्हतं ठाऊक. मंगळसूत्राखाली काळ्या दोऱ्यात तो चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती; मला वाटायचं कुठली तरी देवी. दिवाळीला लुगडं आलं की तू आधी टाक काढून पाटावर ठेवायचीस, त्यावर नव्या लुगड्याची घडी टेकवायचीस, हळदकुंकू वाहायचीस आणि मग ते नेसायचीस. मी विचारलं होतं एकदा, ही कोण? तू म्हणालीस, "घरातली मोठी. तिचं आधी, मंग आपलं." किती सरळ उत्तर दिलंस तू, आणि मी पुढं काही विचारलं नाही! मी, जी सगळ्यांना भंडावून सोडायची. माझ्या लग्नाचा शालू तू तसाच तिच्यापुढं ठेवलास आणि मला म्हणालीस, "वाकून पाया पड, नीट पड." मी घाईत वाकले, कारण मेंदी ओली होती. भोकरदनहून परतताना हे आठवलं आणि एसटीत सगळ्यांसमोर मला रडू आलं. शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

तेव्हापासून डोकं थांबत नाही बघ. ती दिसायची कशी? फोटो एकही नाही. माझं हे बसकं नाक तिचं का? ती हसायची का मोठ्यानं? आत्याबाई म्हणतात, तुझं लग्न घनसावंगीकडच्या एका मास्तराशी ठरत आलं होतं. तो तुला कधी आठवला का गं? अण्णांवर राग आला का, माझ्यावर आला का? आणि आम्ही दोघं तुला बाई का म्हणायचो? तशी गावात निम्मी पोरं मायला बाईच म्हणतात, त्यात काही नसेलही. पण मला पहिला शब्द शिकवलास तो तू. आई हा शब्द तू तिच्यासाठी राखून ठेवलास का?

मी नऊ-दहा वर्षांची असताना कापसाच्या गाडीत उडी मारली होती. कापसात विळा होता, तो माझ्या पायाला अर्ध्या बोटानं चुकला. तू मला ओढून काढलंस आणि अशी थोबाडीत दिलीस की कान वाजला. मी रुसून दाराआड बसले, आणि तिथून तू दिसलीस. चुलीपुढं बसून, टाक मुठीत धरून तू हळू म्हणत होतीस, "चुकलं अक्का. तुही पोर, म्या हात उचलला." मला वाटलं, आपण सगळीच देवीची लेकरं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं, देवी आता बाईला चांगली रागावेल म्हणून. अगं बाई, स्वतःच्या पोरीला एक थोबाडीत मारायची, तर त्याचीसुद्धा तुला माफी मागावी लागत होती! किती वर्षं तू अशी परवानगीनं माझी आई होतीस?

कागद पुरा झालाय. अण्णांच्या बाजूला दोन नावं आहेत, आणि माझी रेघ मी तिच्याच नावाखालून काढली. खरं ते खरं. हे पत्र मात्र कुठं टाकू? भाच्याच्या फायलीत तर लावता येणार नाही. बाकी एकच सांगायचं राहिलं. काल घरात कुणी नव्हतं. म्हटलं, जन्मात एकदा तरी तिला हाक मारावी, तिचा हक्क आहे. डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हटलं, "आई." तर पदराला हात पुसत तूच आलीस. तिला सांगू नको.