गोठ्यातली चाटण वीट

मंगळवार, दिवेलागण. निमगाव केतकी.

आज माहेरी आल्यापासून गोठ्याची ती भिंत डोळ्यांसमोरून हलत नाही. मातीवर नखांचे ओरखडेच ओरखडे. वहिनी तिथली माती खरवडून खाते. सातवा महिना, ओठ पांढरेफटक, चार पावलं चालली की धाप.

आई म्हणाली, "डोहाळं हायत. खाऊ दे की. तुझ्या येळंला म्या बी खाल्ली."

आणि लोहाच्या गोळ्या? त्या फळीवर तशाच. "त्यानं प्वार काळं हुतं," म्हणे.

मागं गाय हीच भिंत चाटायला लागली, तर दादा लगेच बारामतीला जाऊन क्षारांची चाटण वीट घेऊन आला. "तिच्या अंगात कायतरी कमी पडतंय," म्हणाला. गायीचं कळलं त्याला. भिंत तीच ना रे दादा?

उद्या वहिनीला रक्त तपासायला नेणार. आई चिडली तर चिडू दे.

मघाशी गायीपुढं टांगलेली ती वीट सहज हातात घेतली. एक बाजू जिभेनं चाटून गुळगुळीत झालेली. दुसरीकडं, भिंतीवर होते तसेच, नखांचे ओरखडे.