दोन बोटं होज

३ जानेवारी, सकाळ
ट्रकखाली हिरवं थारोळं. कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. इंजिनातलं गरम पाणी केबिनच्या हीटरकडे नेणारा रबरी होज जिथे इंजिनाला जोडलाय, तिथून गळतंय. बावीस वर्षांचा डिझेल ट्रक, एवढं व्हायचंच. मी तरी पूर्वीसारखा कुठे राहिलोय?
नऊ तारखेला मुलीला नव्या नोकरीच्या गावी सोडायचंय, सामानासकट. तीन तासांचा रस्ता, बाहेर बोटं वाकडी करणारी थंडी. हीटर हवाच. काम अर्ध्या तासाचं, हातात सहा दिवस.

३ जानेवारी, दुपार
मिस्त्रीला नुसतं विचारलं. दोन सेकंद वाकून बघितलं आणि म्हणाला, काका, होजला हात लावू नका, होज ठणठणीत आहे. जोडणीच्या आत रबराची रिंग असते, अंगठीएवढी. ती गेलीय. ठेवून जा, संध्याकाळी न्या.
दोन सेकंदांत निदान! अशानेच माणसांचे हात निकामी झाले. ज्याला आपलं यंत्र खोलता येत नाही तो त्याचा मालक नव्हे, नुसता प्रवासी. वाक्य चांगलं जमलं. मुलीला ऐकवायला हवं.
ट्रक परत आणला.

४ जानेवारी
संकल्प एक: गळती स्वतः थांबवायची. संकल्प दोन: मुलीशी बोलायचं.
दुसरा जड आहे. नोव्हेंबरात नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी म्हणालो होतो, जायचं तर जा, पुन्हा मला काही विचारू नकोस. तिने ते शब्दशः घेतलं. दोन महिने आमचा कारभार हिच्यामार्फत चालतो. आई, बाबांना सांग, मीठ द्या. मीठ माझ्या हाताशी, मुलगी समोर.
घरात बोलायला जावं तर ती उठून जाते. चालत्या ट्रकमधून उठून जाता येत नाही. गरम केबिन, तीन तास. मुद्दे लिहायला घेतलेत. शाईच्या पेनने, म्हणजे विचार पक्के होतात.

५ जानेवारी
होजचं टोक कडक झालंय, दोष तिथेच. दोन बोटं कापलं, ताजं टोक चढवलं, क्लॅम्प आवळला. वीस मिनिटं. मिस्त्री लोक कशाचा एवढा बाऊ करतात कळत नाही.
संध्याकाळी पुन्हा थारोळं.

६ जानेवारी
कालचा काप तिरका गेला होता. आणखी दोन बोटं.
इंजिन गार होऊ दिलं नाही, डाव्या हाताला चटका. ही म्हणाली, रिंग गेलीय म्हणतो ना तो मिस्त्री, मग त्याच्याकडे टाका ना एकदाचा. सांगितलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तर म्हणते, मग मलम तत्त्वाला लावू की हाताला?
मुद्द्यांची दोन पानं झाली.

७ जानेवारी
दोन बोटं. क्लॅम्प नवा, गळती जुनीच.
मुलगी खिडकीतून बघत होती. हिच्यामार्फत निरोप आला: त्यांना विचार, होज संपेपर्यंत कापणार आहेत का? मी क्लॅम्प आवळत राहिलो. पण प्रश्न आला, म्हणजे संवाद सुरू झाला म्हणायचा.
कंबर धरलीय.

८ जानेवारी, सकाळ
आणखी दोन बोटं कापली आणि होज पोचेना. ओढला, वाकवला, समजावला. दुकानदार म्हणतो, जुनं मॉडेल, मागवावा लागेल, आठवडा जाईल.

८ जानेवारी, दुपार
मार्ग निघाला! इंजिनाच्या एका तोंडातून पाणी हीटरकडे जातं, दुसऱ्यातून परत येतं. गळकी जोडणी काढून ठेवली आणि दोन्ही तोंडं उरलेल्या तुकड्याने थेट एकमेकांना जोडून टाकली. पाणी हीटरला न भेटताच माघारी. आखूड तुकडा नेमका बसला, म्हणजे कापणं वाया गेलं नाही. एक थेंब गळत नाही. संकल्प एक पूर्ण.
केबिन गार राहील. राहू दे. बोलण्यात ऊब असली की झालं. चार पानं तयार, डॅशबोर्डवर ठेवलीत.

१० जानेवारी
कालचं आज लिहितोय. दमलो.
ती सामानातली रजई काढून, गुंडाळून बसली. गावाबाहेर पडेपर्यंत समोरची काच पांढरी. हीटर नाही म्हणजे काचेवर गरम हवाही नाही. हे एवढं राहूनच गेलं. दोघांचे श्वास जाऊन काचेवर बसत होते, रस्ता दिसेना. फडकं मीच तेलात बरबटवलेलं. तिने डॅशबोर्ड चाचपला, कागद हाताला लागले, पुसायला लागली.
पहिलं पान गेलं, 'स्वावलंबन'. दुसरं, 'वडिलांची भूमिका'. तिसरं याच भूमिकेचा उत्तरार्ध. चौथ्यावर एकच ओळ होती, शेवटी सुचलेली: माझं चुकलं.
चौथं तिने जरा वेळ हातात धरलं. मग त्यानेही काच पुसली. शाई फुटली, काचेवर निळा पट्टा उठला.
हे काय होतं, असं तिने विचारलं. म्हणालो, रद्दी.
तीन तासांत मी एकूण काय बोललो: डावीकडे पूस. आता माझ्या बाजूला. पुन्हा डावीकडे.
सामान उतरवलं. तिची बोटं निळी झाली होती. म्हणाली, बाबा, ती रिंग बसवून घ्या आणि मग या. सावकाश जा.
थेट मला म्हणाली. मध्ये कोणी नव्हतं.

११ जानेवारी
मिस्त्रीकडे. तासभर बाकावर बसलो, तत्त्वाबद्दल काही बोललो नाही.
बॉनेट उघडून त्याने तो आखूड तुकडा बोटांनी मोजला. मग म्हणाला, रिंग आहे माझ्याकडे, होज मागवतो. पण काका, हा असा कापला कोणी?
म्हणालो, दुसऱ्या एका मिस्त्रीने.
माझ्या हाताच्या चटक्याकडे बघत म्हणाला, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.
म्हणालो, वयस्कर माणूस आहे, जाऊ द्या.
काचेवरचा निळा डाग पुसून देऊ का, असं विचारलं त्याने. नको म्हणालो.