गिळलेली ओळ

दि. ९, मंगळवार, दुपार

वन्सं,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? पत्रात आधी विचारायचं असतं, म्हणून विचारलं. 'आमच्याकडे सगळे बरे' असं लिहिलं होतं, ते खोडलंय. पान नातीच्या वहीचं आहे, दुसरं मागितलं तर ती शंभर प्रश्न विचारील. अक्षर लावून घ्या. माझी शाळा चौथीत संपली, हे तुम्ही आमच्या लग्नातच सगळ्यांना सांगून ठेवलंत.

फोन करत नाही, कारण माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता.

तुमचे भाऊ दहा दिवस दवाखान्यात आहेत. साधा ताप म्हणत होते, तो विषाणूचा निघाला आणि छातीत उतरला. दोन्ही फुप्फुसं सुजलीत. तोंडावर मास्क, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. चिमट्याचा आकडा नव्वदच्या वर हवा, तो शहाऐंशीवर बसला होता. तशातही नर्सला म्हणाले, "हिला खुर्ची देऊ नका, बसली की उठत नाही." म्हणजे जीभ शाबूत.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. लहानखुरी पोर, पण बोलणं सरळ. "आजी, औषधांनी उतार नाही. छातीला अगदी थोडे किरण देऊन बघू. एकदाच, पंधरा मिनिटं. विषाणू त्यानं मरत नाही, पण सूज बसली तर बसेल."

"बसेल, की बसली तर?"

"कुणाला गुण आला, कुणाला नाही. आम्हीही अजून बघतोच आहोत. खोटं कशाला सांगू?"

किरण म्हटल्यावर मला सासूबाईंची ती मशीनची खोली आठवली. त्यांना कॅन्सरच्या गाठीसाठी पंचवीस वेळा नेलं होतं. शेवटच्या पाच खेपा नकोत म्हणून तुम्ही रडलात, आणि मी हट्टानं नेलं. त्या गेल्या, तुम्ही बोलणं टाकलंत. तेव्हापासून हे म्हणत आलेत, "मला त्या मशीनखाली कधी घालायचं नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या मानानं हे चिमूटभर. मी हो म्हटलं. यांचं म्हणणं मात्र त्यांना सांगितलं नाही.

सही यांचीच हवी होती. "भीती काय ती कागदात आहे, मी आजोबांना समजावते," म्हणाल्या, तेवढ्यात पलीकडच्या खाटेची घंटा वाजली आणि त्या पळाल्या. यांच्या चष्म्यावर मास्कची वाफ. म्हणाले, "तू वाच."

आयुष्यभर यांनी पेपर वाचला आणि मी ऐकला. त्या दिवशी उलटं. बोट ठेवून वाचत गेले. जिथं किरण लिहिलं होतं, तिथं छातीचा फोटो म्हटलं. आणि एक ओळ होती, पुढं काही वर्षांनी कॅन्सर होण्याची थोडी शक्यता आहे अशी. ती अख्खी गिळली.

"एवढंच?"

"एवढंच."

सही केली. डॉक्टरीणबाईंनी परत येऊन विचारलं, "कळलं ना आजोबा?" यांनी मान डोलावली.

वन्सं, अक्षर लागलं नाही असं सांगता आलं असतं. लागलं होतं.

आकडा आज एक्क्याण्णव आहे. किरणांनी की औषधांनी, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. सकाळी मास्क घटकाभर काढला, तर यांनी पहिलं काय विचारलं? "आईला न्यायचे, तसलीच खोली होती ना ती?"

"बोलू नका, दम लागेल," म्हटलं. तरी माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

शनिवारी यांना साध्या वॉर्डात हलवणार आहेत, तिथं एका माणसाला दिवसभर बसू देतात. तेव्हा मी सांगणार. खोटं बरोबर घेऊन यांना घरी आणायचं नाही.

माफीसाठी लिहीत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा गिळीन. सासूबाईंच्या वेळी चुकले, तेवढं मात्र लिहून देते.

ऐकल्यावर हे म्हणाले, "तू जा इथून," तर मी जाईन. पण यांना अजून पेला धरवत नाही. मान न फिरवता ज्याच्या हातून पाणी पितील, असं माणूस माझ्याशिवाय एकच उरलंय.

शनिवारी दार दहाला उघडतं. सांगून झालं की मी बाहेर बाकावर असेन. माझ्याशी बोलू नका, सरळ आत जा.

तुमच्या भावाची, शनिवारपर्यंत तरी,
बायको