गालावरच्या रेघा

फ्लॉरेन्स,
जुलैचा पहिला रविवार

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि रुसाआत्याला खूप प्रेम. तुमचं पत्र आणि डबा, दोन्ही पोचलं. डब्यातलं मेथी घातलेलं रंगीत मीठ वाटेत सांडलं, तेव्हा या कागदाला मेथीचा वास आला तर नवल नको. इथल्या पावात अजूनही मीठ नसतं. ज्यांना पावात मीठ घालायचं कळत नाही ते रंग काय शिकवणार, असं तुम्ही पहिल्या वर्षी लिहिलं होतंत. ते वाक्य मी इथे सगळ्यांना ऐकवते आणि इथली मंडळी मनापासून चिडतात.

माझी तब्येत बरी आहे. उकाडा मात्र जीव काढतो, आणि नदीवरचे डास आपल्या गावच्या माश्यांपेक्षा बेरकी. माझं कशात लक्ष नाही. धुतलेले ब्रश पुन्हा धुते, फिरायला म्हणून निघते आणि पुलावरून परत येते. माझ्या खोलीत थालिया राहते, ग्रीसची. ती परवा म्हणाली, "अगं, एक तर बस, नाहीतर जा. दारात उभी राहून वारा तरी अडवू नकोस."

आत्याचा गुडघा कसा आहे? यंदा जर्दाळू आले का?

तुम्ही लिहिलंत, ऑगस्टातल्या सणाआधी ये. आपल्या चर्चमधल्या, लाकडी फळीवर रंगवलेल्या देवमातेच्या गालाचा रंग उडालाय, तुमचा हात कापतो, म्हणून तेवढा गाल मी करून द्यावा. तासाभराचं काम आहे म्हणालात. बाबा, ते तासाभराचं काम नाही, आणि इतके दिवस मी उत्तर दिलं नाही ते त्याचमुळे.

तुम्ही पाठवलेला तिचा फोटो मी आम्हाला जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकवणाऱ्या बाईंना, सिन्योरा ओर्नेलांना दाखवला. दाखवायला नको होता. त्यांनी तो खिडकीशी धरून भिंगाने पाहिला. जिथे रंग उडालाय तिथे खालचा जुना चेहरा डोकावतो, हे तुम्हालाही दिसलं असेलच. त्यांचा अंदाज, तो दोनशे वर्षांचा आहे आणि फार चांगल्या हातचा. वरचा रंग सगळा उतरवायचा, जुनी देवमाता मोकळी करायची, हेच माझं शेवटच्या वर्षाचं काम, असं त्यांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. ते नीट झालं तर त्यांच्या कार्यशाळेत मला कायमची जागा. वर्गातल्या पोरी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मला लॉटरी लागली.

मी हो म्हणाले, बाबा. वरचा रंग कुणाचा, हे त्यांना सांगितलं नाही.

आपल्या गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. आई गेली त्या वर्षी धुराने काळी पडलेली देवमाता तुम्ही घरी आणलीत आणि नव्याने रंगवून परत नेलीत. सणाच्या दिवशी बायका रांगेत उभ्या राहून तिच्या गालाचं चुंबन घेतात. रुसाआत्या वाकली की हळूच आईचं नाव घेते, "दाफिना", आणि पाद्री किरील त्या वेळी नेमके मेणबत्त्या सारख्या करत असतात. मला उचलून कोण धरायचं ते आठवत नाही. गार लाकूड ओठांना लागायचं, ते आठवतं.

गेल्या आठवड्यात आमची परीक्षा झाली, आता तिचं सांगते. इथे चित्राचा रंग कुठे उडाला असेल तर तुमच्यासारखा नवा चेहरा काढत नाहीत. उघड्या जागेत पाण्याच्या रंगाने बारीक उभ्या रेघा भरतात, एकीला एक लागून. लांबून चित्र पुरं दिसतं. जवळ गेलं की जुनं कुठलं आणि आपलं कुठलं ते कळतं. खोटं बोलायचं नाही, असा त्यामागचा विचार. मला दिलेल्या फळीवर एका संताचा डोळा गेलेला होता. मी रेघा भरायला बसले. किती वेळ गेला कोण जाणे, सिन्योरा मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "ही कोण?"

मी मान वर केली तर फळीवर रेघ एकही नव्हती. दाढीवाल्या संताच्या चेहऱ्यात एका बाईचा डोळा होता, पापणी जरा खाली आलेली, तुम्ही काढता तशी. वर्ग हसला. सिन्योरांनी ओला कापूस माझ्या हातात दिला. इथले रंग पाण्याने पुसले जातात, मुद्दाम तसेच वापरतात. मी पुसला. आईचा डोळा तपकिरी होऊन कापसावर आला. मला आईचा दुसरा चेहराच माहीत नाही, बाबा. आपल्या घरात तिचा एक फोटो नाही. तुम्ही काढलात तेवढाच चेहरा आहे माझ्याकडे, आणि तो खरवडायला मी हो म्हणून बसले होते.

काल जाऊन त्यांना सगळं सांगितलं. रागावतील, बाहेर काढतील, असं धरूनच गेले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "खालची बाई दोनशे वर्षं थांबलीय. तुझा बाप जिवंत आहे तोवर थांबेल अजून. तू दुसरी फळी घे." म्हणजे ते शेवटच्या वर्षाचं काम गेलं आणि कार्यशाळेतली जागा दुसरीला मिळणार. थालिया म्हणते मी मूर्ख आहे. असेन.

मी सणाआधी येते. पण तुमच्यासारखा गाल करणार नाही, ते आधीच सांगते. तुमच्या रंगाला हात लावणार नाही, खालच्या चेहऱ्यालाही नाही. मधल्या उघड्या जागेत फक्त रेघा भरीन. रुसाआत्या म्हणेल, पोरगी इटलीत जाऊन ओरखडे काढायला शिकली. तिला दाराशी उभी करा आणि तिथून बघायला सांगा.

आणखी एक. तुम्ही अंड्याच्या बलकात रंग कालवता, तो जन्मभर टिकतो. माझा रंग पाण्याचा, आणि त्यावर मी वार्निश लावणार नाही. एका सणात बायकांचे ओठ तो पुसून नेतील. दर वर्षी सणाआधी कुणीतरी येऊन तो गाल पुन्हा भरावा लागेल.

कायमची घरी ये, असं तुम्ही कधी लिहिलं नाहीत. कायमची मी येणारही नाही, हेही आज लिहून टाकते. पण गाल दर वर्षी पुसला जाईल, बाबा.

तो भरायला दर वर्षी येणारी,
तुमची आणि दाफिनाची
नेव्हेना