पावणेसातचा दिवा

कोलकाता,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शालोम आणि केतूचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. कानातलं मशीन तू पुन्हा डबीत घालून ठेवलंस असं वहिनी सांगत होती. म्हणजे फोनवर तू नुसता हॅलो हॅलो ओरडणार आणि मी घसा बसवून घेणार. पत्रच बरं. या घरात मराठी वाचणारं माझ्याशिवाय कोणी नाही, तेही सोयीचंच आहे. ह्यांचं सगळं शिक्षण इथलं. बोलतात छान, पण मराठी अक्षर समोर आलं की चष्मा हरवतो.

आता बातमी ऐक. आमच्या सिनेगॉगमध्ये आम्ही मोजून वीसेक माणसं उरलोय. बहुतेक बगदादहून आलेल्यांची जुनी घरं, कोकणातले बेने इस्रायल म्हणाल तर आम्ही दोघंच. आमच्या मोझेल आंटी चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांनी डोक्यात घेतलंय की नोव्हेंबरात एक आठवडा शिकायचं. बाहेरून विद्वान बोलवायचा नाही, आपणच एकमेकांना शिकवायचं. विद्वानाची वाट बघत बसलो तर तो येईपर्यंत शिकायला कोणी उरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. शुक्रवार सोडून सहा संध्याकाळी, रोज एक जण मास्तर, बाकीचे विद्यार्थी.

आंटी स्वतः स्वयंपाक शिकवणार. एलियास अंकल नारकेलडांग्याच्या दफनभूमीतले दगड वाचायला शिकवणार. आणि मी गणिताची मास्तरीण, म्हणून मला दिलंय पंचांग. आपला दिवस संध्याकाळी का सुरू होतो आणि तिथी कशी धरायची. मी म्हटलं, मी मलिदा करते, पोहे, गूळ, खोबरं सगळं माझं, पण हे नको. ऐकतील तर शपथ. दुसरं काहीही द्या असं मी तीनदा म्हणाले, तर त्यांना वाटलं मी लाजतेय.

इथे थंडीत सूर्य पाचच्या आत मावळतो. तुमचा दुपारचा चहा चालू असतो तेव्हा आमची तारीख बदललेली असते. तू या विषयातला जाणता, तेव्हा चार ओळी लिहून पाठव. साध्या पाठव, माझं पांढरं डोकं बघून हुशारीची अपेक्षा करू नकोस.

लोभ आहेच, थोडा या आठवड्यापुरता उसना जास्त दे.

तुझी,
केतू


ठाणे,
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. केतूस,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

पंचांगाला घाबरलीस? पस्तीस वर्षं पोरींना बीजगणिताने रडवलंस, आता भोग. आणि केसांना जरा काळं लाव गं. शिकवायला उभी राहणार, तर आंटींपेक्षा तूच म्हातारी दिसायचीस. पूर्वी महिन्यातून दोनदा डाय लावायचीस, आई गेली आणि तुला एकदम वैराग्य आलं.

विषय सोपा आहे. सृष्टीच्या गोष्टीत आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. म्हणून सूर्य मावळला की आपली तारीख बदलते. पण एवढंच सांगशील तर मंडळी घोरायला लागतील. उदाहरण दे. मी म्हणतो, आईचंच दे.

फळ्यावर लिही, ५ डिसेंबर २०१४, शुक्रवार. सूर्यास्त सहाला. सहापर्यंत आपल्या किस्लेव्ह महिन्याची तेरा. आई गेली पावणेसातला. इंग्रजी तारीख तीच, पण आपल्या हिशेबाने शनिवारचा शब्बाथ लागलेला आणि तिथी चौदा. पाऊण तासाने सगळं बदललं. आणि हेही सांग, की अंथरुणाला खिळलेली बाई, पण स्टूल जवळ ओढून घेऊन सूर्य बुडायच्या आत तिने स्वतःच्या हाताने शब्बाथचा दिवा लावला, शेमाची प्रार्थना म्हटली आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. असं मरण किती जणांना येतं? सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे आमचे हझान अजून लोकांना सांगतात.

मी सात वाजता पोचलो. पंधरा मिनिटं हुकलं माझं. अकरा वर्षं झाली, ती पंधरा मिनिटं घशाखाली उतरत नाहीत. जाऊ दे. निदान तू होतीस तिच्याजवळ, एवढ्यावर मी समाधान मानतो.

यंदा चौदा किस्लेव्ह बुधवारी, ३ डिसेंबरच्या संध्याकाळी लागतो. आईच्या तिथीचा दिवा लावायला विसरू नकोस. वहिनीचा तुला आणि तुझ्या ह्यांना नमस्कार.

उसना लोभ पाठवला आहे, परत करायची घाई नाही.

तुझा,
दादा


कोलकाता,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,
सा. न. हा नमस्कार आधी घे, पुढचं वाचल्यावर तू तो घेशील की नाही मला माहीत नाही.

रविवारी मोझेल आंटींनी आख्खे बटाटे मंद आचेवर सोनेरी कसे करायचे ते शिकवलं आणि आम्ही ते संपवले. सोमवारी एलियास अंकलनी दगडांची चित्रं दाखवता दाखवता तीन जणांच्या आजोबांची भांडणं उकरून काढली. खूप हसलो. मंगळवारी हिब्रू अक्षरं झाली. काल माझी पाळी होती. हे बराकपूरला मित्राकडे गेले होते. समोर अकरा जण, त्यांत आमचे राखणदार चाचासुद्धा. ते मुसलमान, त्यांच्या आजोबांपासून हे सिनेगॉग तेच सांभाळतात. आधी संध्याकाळ मग सकाळ हे सांगितलं तर चाचांनी मान डोलावली, त्यांच्यातही तसंच आहे म्हणाले. मग त्यांनी विचारलं की कोणी दिवा सूर्य बुडाल्यावर लावला, तर त्या दिव्याचं काय. साधा प्रश्न रे. मी म्हटलं, सांगते.

तू दिलेलं उदाहरण घेतलं. फळ्यावर ५ डिसेंबर लिहिलं, सूर्यास्त सहा लिहिलं. पावणेसात लिहायला खडू उचलला आणि हात पुढे जाईना. इतका वेळ इंग्रजीत बोलत होते, पण तोंडातून निघालं ते मराठीत. दिवा आईने लावला नाही, मी लावला, नंतर लावला. दोनदा म्हणाले. कोणाला अक्षर कळलं नाही. त्यांना वाटलं, गेलेल्या आईसाठी कोकणातली काही प्रार्थना असेल. एलियास अंकल मोठ्याने आमेन म्हणाले आणि मग सगळेच म्हणाले. माझ्या पापावर सगळी सभा आमेन म्हणाली, दादा. मी खडू ठेवला आणि खाली बसले.

ज्याला कळायला हवं तो तू एकटाच आहेस. म्हणून लिहिते.

त्या शुक्रवारी तू बँकेत गेला होतास आणि साडेचारला येतो म्हणाला होतास. मी पावणेपाचपर्यंत वाट पाहिली. रविवारी माझी परतीची गाडी होती, केस मुळाशी पांढरे झाले होते, आणि कोपऱ्यावरच्या पार्लरवालीने पाचची वेळ दिली होती. आईला म्हटलं, दादा येईलच आता, किल्ली आहे त्याच्याकडे. ती म्हणाली, दिव्याच्या आधी ये. एवढंच म्हणाली. आणि मी जे तोंडाला फासायचं ते डोक्याला फासून मासिक चाळत बसले. मग धुणं, वाळवणं. डाय लावणारी बाई कोणा ओळखीच्या लग्नाबद्दल सांगत होती, तेही मी ऐकत बसले.

साडेसहाला घरी आले तर घरात अंधार. तू नव्हतासच. आई आपल्याला बोलवायला स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायची ना, तो चमचा खाली पडला होता. तिचा हात गार होता आणि बोटं माझ्या हातात वळेनात. शेजारच्या सुमनताईंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं की सव्वापाचच्या सुमाराला चमचा बराच वेळ वाजत होता, मग थांबला. केतू आहे घरात म्हणून त्या आल्या नाहीत.

शब्बाथ लागून गेला होता, म्हणजे काडीला हात लावायचा नाही. समोर आई गेलेली, आणि मी काडी ओढून दिवा लावला. कशाला? तर ती शांतपणे गेली असं दिसावं आणि मी तिथे होते असं दिसावं म्हणून. मग तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तू आलास, कधी गेली म्हणून विचारलंस, आणि मी पावणेसात म्हणाले. तिने शेमा म्हटली हेही मीच रचलं.

स्वतःला वाचवायच्या नादात ते ओझं तुझ्या डोक्यावर पडलं हे मला तेव्हाच दिसलं होतं. पंधरा मिनिटं, पंधरा मिनिटं करत तू कपाळ बडवून घेत होतास. माझ्या एका वाक्याने ते सुटलं असतं. मी ते वाक्य अकरा वर्षं गिळलं. आणि तिथीही खोटी पडली. चौदा नाही रे, तेरा. दर वर्षी तू एक दिवस उशिरा तिच्या नावाने कद्दीश म्हणतोस, तिच्या दगडावर चौदा कोरून घेतलंस, आणि मी दर वर्षी तुला दिवा लावला म्हणून कळवते. केसांचं वैराग्य कसलं, आरशात त्या डायकडे बघवत नाही म्हणून सोडला.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. पत्र फाडून टाक हवं तर. पण दिवा यंदा मंगळवारी लाव, तेराला.

केतू


ठाणे,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. केतू,
शालोम. आशीर्वाद लिहायला चारदा कागद घेतला आणि चारदा तसाच ठेवला. आज लिहितो. अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. तुझ्या वहिनीला वाटलं पित्त झालंय, तिने तीन दिवस मऊ भात घातला. आईच्या मरणाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेन गं? नातवंडांनाही सांगितली. ती सगळी तू बसून रचलेली. मला वाईट वाटलं, आणि ते इतक्यात जायचं नाही, हे तुला स्पष्ट सांगतो.

पण पार्लरचं मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या केसांना डायचा वास येत होता आणि कानामागे काळा डाग होता. तू बाहेर जाऊन आलीस एवढं मला माहीत होतं. दिव्याच्या आधी परतलीस असं मी धरून चाललो. एका शब्दाने विचारलं नाही. का नाही, ते आता ऐक.

मी विचारलं असतं, तर तूही विचारलं असतंस.

बँकेतलं काम साडेतीनला संपलं होतं. रांग होती आणि तिथून परस्पर प्रार्थनेला गेलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. गेलो नव्हतो. तलावपाळीवर बाकावर बसलो होतो. आठ महिने आईला उठवणं, बसवणं, पुसणं चाललं होतं, आणि त्या दिवशी मला तो पेल्यावरचा चमचा नको झाला होता. जिथे तो ऐकू येणार नाही अशा जागी बसायचं होतं, बस. दोनदा उठलो आणि दोनदा पुन्हा टेकलो. शेंगदाणे घेऊन खाल्ले. केतू आहे घरी, असं मनाला सांगत राहिलो. तिकडे तू तिला सांगितलंस की दादा येईलच.

लोकांना मी पंधरा मिनिटं सांगायचो. मला साडेचारपासूनचे अडीच तास माहीत होते. तुझ्या खोट्याने माझे अडीच तास पंधरा मिनिटांवर आले, आणि मी ते मुकाट्याने घेतले. तेव्हा सगळा दोष तू एकटीने उचलू नकोस, त्यातला अर्धा माझा आहे. आई एकटी गेली, केतू. आपण दोघं होतो आणि ती एकटी गेली. हे आपण एकदा एकमेकांना सांगायला हवं होतं.

परवा हझानना भेटलो. तारीख माझ्याकडून चुकली असं सांगून तेरा किस्लेव्ह लिहून घेतली. दिव्याची गोष्ट आता कोणाला सांगू नका म्हटलं. दगडावरचा चौदा तसाच राहणार. तो पुसायला मी माणूस बोलावणार नाही. तुझ्या चाचांना सांग, सूर्य बुडाल्यावर लावलेल्या दिव्याचं काय करायचं ते मलाही ठाऊक नाही.

लोभ आहे. तो वाढव, असं या वेळी मीच तुला लिहितो.

मंगळवारी, २ डिसेंबरला, तेरा लागतो. मी वेळा काढल्या. तुझ्याकडे सूर्य पावणेपाचला मावळतो, बरोबर तू घराबाहेर पडलीस ती वेळ. माझ्याकडे सहाला. म्हणजे तुझा दिवा माझ्या सव्वा तास आधी लागणार. तेवढा वेळ आईजवळ तू बस. कोणी बोलावलं तरी उठू नकोस. सहाला मी येतो.

वाटेत कुठे बसणार नाही.

तुझा,
दादा