आईच्या लिलीचा फोटो

जुने शहर, अकोला
होळीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप बेबीताईस धाकट्या नत्थूचा वाकून नमस्कार. (वाकलो ते खरंच, उठताना शकुनले बोलवावं लागलं.)

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटलीचीच पूजा करून राहिलीस? माझी मान आखडली आहे, पण तो फोटोचा प्रताप आहे.

धामणगावचं घर विकलं तेव्हा आईच्या अंगणातले लाल लिलीचे चार कंद मी उकरले, दोन तुले दिले, दोन मी ठेवले. तुझे त्याच पावसाळ्यात कुजले, आणि आपल्या हातानं आईचं फूल गेलं म्हणून तू चार वर्षं झुरून राहिली. यंदा माझ्या कुंडीत दांडा आला, त्यावर चार फुलं. तुझा फोन बटनाचा, म्हणून फोटो काढून, स्टुडिओतून छापून परतवाड्याले धाडायचा ठरवला. फूल चार दिवसांचं, त्यात आमच्या गल्लीतल्या बाया पहाटे पिशव्या घेऊन दुसऱ्याच्या फुलांवर आपले देव पुजतात. म्हणून पाचपासून अंगणात खुर्ची टाकून बसलो. शेजारची तानुबाई दोनदा डोकावली, मी दोनदा खोकललो. उजाडल्यावर आंघोळीले गेलो, आलो तर सगळ्यात मोठं फूल गायब. तानुबाईच्या दारात जाऊन नाही नाही ते बोललो. तिनं माझ्याच घराकडे बोट दाखवलं. फूल आमच्या देव्हाऱ्यात, गणपतीच्या डोक्यावर.

"पयलं फूल देवाचं असते," तुझी भावजय शकुन म्हणाली. "फोनचं काहून होईन?"

तानुबाईची माफी मागायले गेलो. तिनं माफ केलं आणि एक फूल मागून घेतलं. उरली दोन.

दुसऱ्या दिवशी मागं संडासाचं दार दिसत होतं, म्हणून दोरीवर शकुनची हिरवी साडी टाकली आणि कुंडीसमोर पालथा पडलो. (असंच काढतात, मी मोबाईलवर पाहिलं.) तेवढ्यात वारा आला, साडी अंगावर पडली, पायात गुंतली. समोरच्या घरच्या इफ्फतभाभीले गच्चीवरून वाटलं, शकुनच पडली. त्या ओरडल्या, शकुन स्वयंपाकघरातून ओ देत बाहेर आली, आणि दोघींनी मले काखेत धरून उचललं. त्या झटापटीत बोटाखाली फोन फोटो काढत गेला. एकोणचाळीस निघाले. त्यातला एक सोबत आहे. कोपऱ्यातलं पांढरं म्हणजे माझं डोकं, बाकी लाल ते आईचं.

तुझा,
नत्थू

ता. क. उकरताना दोन कंदांवर माझं फावडं बसलं होतं. चिरलेल्या बाजूले माती चोपडून तेच दोन मी तुले दिले, धडके आपल्याकडे ठेवले. चिरलेला कंद कुजतोच, बाई. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता.

ता. क. २. पत्र घेऊन येणाऱ्या आमच्या योगेशजवळ कुंडी आहे, दोन्ही कंदांसकट. ठेवून घे. कुंडीच धाडायची तर फोटो काहून काढला, असं विचारशील. काल संध्याकाळपर्यंत मले वाटत होतं, फोटोवर निभावून जाईल.

ता. क. ३. पुढं कंदाले पिल्लं फुटली तर एक मले दे. चांगलं पाहून दे म्हणायले मले तोंड नाही. तरी चांगलं पाहून दे.