बालवाडीतला खांब

६ नोव्हेंबर

खांब गेला. सकाळी कॉम्प्युटरवर नव्या बालवाडीचं मॉडेल उघडलं तर हॉलमधला मधला खांब जागेवर नाही. छप्पर मात्र वर तसंच. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा उघडला. नाहीच.

मला तो पहिल्यापासून नको होता. पोरांना पळायला मोकळी जागा हवी. पण मुराईसान — मी आर्किटेक्ट झाल्यापासून माझ्या प्रत्येक इमारतीचं स्ट्रक्चर त्यांनीच केलंय — मला मानाने 'सेन्सेई' म्हणतात, तरी ऐकायला तयार नव्हते. "सेन्सेई, तोयामाचा बर्फ तुमच्या हौसेखातर हलका पडणार नाही." यावरून सोबा नूडल्स खाता खाता भांडलो होतो आम्ही. आणि आता न बोलता स्वतःच काढला?

७ नोव्हेंबर

आनंद व्हायला हवा. होत नाहीये.

पूर्वी भिंत वीतभर सरकवायची तरी मुराईसान फोन करून डोकं खायचे. आता आम्ही सगळे एकाच मॉडेलमध्ये — मी, स्ट्रक्चरवाले, पाइपवाले, ठेकेदार. ज्याने त्याने आपलं हलवायचं, बाकीच्यांना आपोआप दिसतं. बोलायची गरजच उरली नाही. त्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकला? आठवेना.

८ नोव्हेंबर

फोन केला.

"मुराईसान, खांब का काढलात?"

"कुठला खांब?"

"बालवाडीतला."

"सेन्सेई, मी त्या कामावर नाही. सप्टेंबरातच ठेकेदाराने दुसऱ्यांना दिलं. तुम्हाला ठाऊक नाही?"

मॉडेलमध्ये तुळया हलत होत्या. मी समजत होते, तेच हलवताहेत.

"तुमचा फोन आला नाही," म्हणाले, "म्हटलं, सेन्सेई कंटाळल्या असतील म्हाताऱ्याला."

११ नोव्हेंबर

ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. मॉडेल सांभाळतात त्या ओरितासान भेटल्या. तिशीतल्या, फार नम्र. बैठकाही आता त्याच चालवतात. मी आपली टेबलाच्या कडेला.

"सेन्सेई, माणूस बदलल्याचं आणि खांबाचं, दोन्ही मॉडेलमध्ये कळवलं होतं. तुमची हरकत आली नाही."

रोज शेकडो टिपा येतात तिथे! आणि मी गप्प, म्हणजे माझा होकार?

म्हटलं, त्या छपराखाली पोरं खेळणार आहेत. मुराईसाननी तपासल्याशिवाय नकाशांवर माझा शिक्का मिळणार नाही.

वाटलं होतं, चिडतील. "अवश्य तपासू द्या," म्हणाल्या, आणि चहा ओतला.

१५ नोव्हेंबर

मॉडेल तपासायला देऊन चार दिवस झाले, मुराईसानचा निरोप नाही. डोंगरांवर बर्फ दिसायला लागलाय.

१९ नोव्हेंबर

मुराईसानचा फोन. आवाज बसलेला.

"त्या नव्या लोकांचं बरोबर आहे. सगळा बर्फ घालून पुन्हा पुन्हा पाहिलं. तुळई अशी काही वळवलीय, मला सुचली नसती. खांब नकोच होता, सेन्सेई. शिक्का मारा."

मी शिक्क्याची डबी पुढे ओढली.

"अजून एक," म्हणाले. " सोमवारपासून ओरितासानच्या ऑफिसात जातोय मी. मॉडेल शिकायला."